मैदानावरच्या गोष्टी : तिसऱ्या नंबरवर कोण पळणार?

मुलांनो, तुमच्या शाळेत खेळांचे दिवस सुरू झाले का? आमच्याकडे झाले. सकाळी परिपाठ संपला की मैदानावर फक्की पडते, खो-खोचे खांब उभे राहतात आणि वर्गात शुद्धलेखन लिहिताना सगळ्यांचे डोळे खिडकीबाहेर असतात. (माझेही असतात, पण ते कुणाला सांगू नका.)

मागच्या आठवड्यात मी चौथीच्या मुलींची रिलेची टीम लावत होते. रिले म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. चौघीजणी आणि एक दांडी. पहिली पळत जाऊन ती दुसरीला देते, दुसरी तिसरीला, तिसरी चौथीला आणि चौथी ती घेऊन शेवटची रेघ ओलांडते. या दांडीला म्हणायचं बॅटन. आमची बॅटन म्हणजे नळाच्या पाइपचा फूटभर तुकडा आहे, दोन्ही टोकांना घासून गुळगुळीत केलेला.

मी नावं वाचून दाखवली. तिसऱ्या नंबरवर जिचं नाव आलं, तिचा चेहरा एकदम उतरला.

"बाई, मला तिसरा नंबर नको."

"का गं?"

"पहिलीला सगळे बघतात, कारण शिट्टी वाजते. चौथीला सगळे बघतात, कारण ती जिंकते. तिसरी तिकडे चिंचेच्या झाडाजवळच्या वळणावर पळते. तिला कोण बघतं?"

खोटं कशाला बोलू? मला पटकन उत्तर सुचलं नाही. "चला, आधी पळा तर खरं," असं म्हणून मी वेळ मारून नेली. मधल्या सुट्टीत डबा खाताना मात्र मला एक नाव आठवलं. तिसऱ्याच नंबरवर पळालेल्या एका मुलीचं. जेवण झाल्यावर ती गोष्ट मी वर्गात सांगितली. आज तुम्हालाही सांगते.

गोष्ट आहे अमेरिकेतली. तिथलं शिकागो हे मोठं शहर तुम्ही नकाशात पाहिलं असेल. त्याच्या जवळच रिव्हरडेल नावाचं एक लहान गाव आहे. 23 ऑगस्ट 1911 ला या गावात एलिझाबेथ रॉबिन्सन नावाची मुलगी जन्मली. सगळे तिला बेटी म्हणत. आपल्याकडे बेटी म्हणजे मुलगी, तिकडे ते एलिझाबेथचं लाडाचं नाव आहे, बरं का!

बेटी शाळेला आगगाडीनं ये-जा करायची. एक दिवस शाळा सुटल्यावर तिला स्टेशनवर पोचायला उशीर झाला. गाडी सुटायच्या बेतात होती. त्याच गाडीत तिच्या शाळेतले एक सर बसले होते, चार्ल्स प्राइस त्यांचं नाव. ते विज्ञान शिकवत आणि मुलांना धावण्याचे धडेही देत. त्यांनी पाहिलं, लांबून एक मुलगी जीव खाऊन पळत येतेय. "गेली हिची गाडी!" सर मनात म्हणाले. आणि बघतात तर काय, ती मुलगी डब्यात हजर!

सरांना राहवलं नाही. त्यांनी तिला शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात पळायला लावलं आणि हातात घड्याळ धरून वेळ मोजली. मुलींच्याही शर्यती असतात, हे बेटीला तोवर माहीतच नव्हतं.

हे झालं 1928 च्या सुरुवातीला. आणि त्याच वर्षी 31 जुलैला बेटी कुठं होती, सांगा बरं? हॉलंडमधल्या ॲम्स्टरडॅम शहरात, ऑलिंपिकच्या मैदानावर! ऑलिंपिकमध्ये मुलींना धावण्याच्या आणि उड्यांच्या स्पर्धांत भाग घ्यायला तोवर बंदीच होती. ॲम्स्टरडॅमला त्यांना पहिल्यांदा परवानगी मिळाली. 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत बेटीनं 12.2 सेकंदांत रेघ ओलांडली आणि ती पहिली आली. वय वर्षं 16! ऑलिंपिकमध्ये 100 मीटर जिंकणारी ती जगातली पहिली मुलगी. आणि आजपर्यंत तिच्यापेक्षा लहान वयात ही शर्यत कुणीच जिंकलेली नाही, ना मुलींत, ना मुलग्यांत.

त्याच ऑलिंपिकमध्ये ती रिलेमध्येही पळाली. शेवटच्या नंबरवर बरं का, जिथं सगळे बघतात. कॅनडाच्या मुली पहिल्या आल्या, अमेरिकेला रौप्यपदक मिळालं.

पुढचं ऑलिंपिक 1932 मध्ये अमेरिकेतच, लॉस एंजेलिसला व्हायचं होतं. बेटी जोरात तयारी करत होती. आणि एक वर्ष आधी, 28 जून 1931 ला, सगळंच उलटंपालटं झालं.

उन्हाळ्याचे दिवस होते. खूप उकडत होतं. बेटीच्या नात्यातल्या एका भावाजवळ छोटं विमान होतं. वर हवेत जरा गार वाटेल म्हणून ती त्याच्याबरोबर विमानात बसली. विमान वर गेलं, आणि थोड्याच वेळात खाली कोसळलं.

असं सांगतात, की ज्या माणसाला ती सापडली, त्याला वाटलं ही मुलगी आता जगात नाही. त्यानं तिला तसंच गाडीत घालून नेलं. पण बेटी जिवंत होती. डोक्याला मोठी खोक, हात मोडलेला, पाय वाईट मोडलेला. बरेच दिवस ती शुद्धीवर नव्हती. पायाचं हाड सांधायला आत धातूची सळई घालावी लागली. हाड जुळलं, पण तो पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे अर्धा इंच आखूड राहिला.

ती कित्येक महिने चाकांच्या खुर्चीत होती. मग कुबड्या. नीट चालायला लागायलाच सुमारे दोन वर्षं गेली. जी मुलगी सुटणारी गाडी पळत पकडायची, तिला आता दहा पावलांसाठी कुणाचा तरी खांदा लागायचा. मधल्या काळात लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक झालंसुद्धा. अमेरिकेच्या मुलींनी तिथं रिलेचं सुवर्णपदक जिंकलं. त्या टीममध्ये ॲनेट रॉजर्स नावाची एक मुलगी होती. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

बेटी चालायला लागली. मग हळूहळू पळायलाही लागली. वेग परत यायला लागला. पण एक गोष्ट काही केल्या परत येईना. तिचा गुडघा पूर्ण वाकत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, पळताना गुडघा थोडा कमी वाकला तर काय बिघडलं? तर बघा हं, 100 मीटरची सुरुवात कशी होते ते आठवा. "ऑन युअर मार्क" म्हटलं की खाली बसायचं, हात जमिनीला टेकवायचे, एक गुडघा टेकवायचा. "सेट" म्हटलं की कंबर वर उचलायची. आणि आवाज झाला की गोफणीतून दगड सुटावा तसं सुटायचं. त्या काळी ऑलिंपिकमध्ये पाय टेकवायला आजच्यासारखे ब्लॉकही नव्हते. जळक्या कोळशाचा चुरा पसरलेल्या धावपट्टीवर धावपटू लहान खुरप्यासारख्या हत्यारानं स्वतःच दोन खड्डे करायचे आणि त्यात पाय रोवून बसायचे.

बेटीला तसं बसताच येत नव्हतं. उभ्यानं सुरुवात केली, तर बाकीच्या मुली पहिल्या दोन-तीन ढांगांतच पुढे निघून जाणार. म्हणजे जी शर्यत तिनं सोळाव्या वर्षी जिंकली होती, तिचं दार आता बंद झालं होतं.

मग दुसरं कोणतं दार उघडं होतं? वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळे गप्प. आणि मग आमची तिसऱ्या नंबरवाली हळूच म्हणाली, "बाई, रिलेत पहिलीच फक्त खाली बसते."

शाब्बास! चार जणींपैकी पहिलीलाच खाली बसून सुटावं लागतं. दुसरी, तिसरी आणि चौथी उभ्यानं सुरुवात करतात. बॅटन घेऊन येणारी मैत्रीण जवळ आली की त्या आधीच पळायला लागतात आणि पळता पळता बॅटन घेतात. म्हणूनच रिलेत एक गंमत होते. वही-पेन्सिल घ्या, एक गणित करू.

उसेन बोल्ट तुम्हाला माहीत आहे. 2009 साली त्यानं 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले. आजही तो विश्वविक्रम आहे. आता 2012 चं लंडन ऑलिंपिक बघा. जमैकाचे चौघं, नेस्टा कार्टर, मायकेल फ्रेटर, योहान ब्लेक आणि बोल्ट, मिळून 400 मीटर पळाले, वेळ लागला 36.84 सेकंद. या संख्येला चारनं भागा. काय उत्तर आलं? 9.21! म्हणजे दर शंभर मीटरना सरासरी 9.21 सेकंद. बोल्टच्या विश्वविक्रमापेक्षाही कमी! मग ते चौघंही बोल्टपेक्षा वेगवान होते का? छे! कारण एवढंच, की थांबलेल्या जागेवरून वेग घेण्यात जो वेळ जातो, तो रिलेत फक्त पहिल्याचा जातो. बाकीच्या तिघांच्या हातात बॅटन येते, तेव्हा ते आधीच वेगात असतात.

पण त्यात एक मेख आहे. बॅटन कुठंही देऊन चालत नाही. धावपट्टीवर त्यासाठी पट्टा आखलेला असतो. तेव्हा तो 20 मीटरचा होता, आता 30 मीटरचा असतो. बॅटन त्या पट्ट्यातच एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवी. एक वीत आधी नाही की एक वीत नंतर नाही. आणि वेगात असलेले दोघं, त्यातला पुढचा मागे वळून बघत नाही! हात मागे, नजर पुढे. मागून येणारा बरोबर तळहातावर बॅटन ठेवणार, असं समजून तो पळत राहतो. ही बॅटन केवढी असते माहीत आहे? लांबी 28 ते 30 सेंटिमीटर. तुमच्या कंपासातली नाही, मोठी पट्टी असते ना, तेवढी. वजन कमीत कमी 50 ग्रॅम. एवढ्याशा दांडीवर चौघांची सगळी मेहनत अवलंबून असते.

तर, बेटीनं हे दुसरं दार ठोठावलं. 1936 मध्ये जर्मनीतल्या बर्लिन शहरात ऑलिंपिक होतं, आणि अमेरिकेच्या रिले टीममध्ये तिची निवड झाली. (बोल्टचा 9.58 सेकंदांचा विक्रम झाला तो याच बर्लिनच्या मैदानात, पण 73 वर्षांनी.)

टीमचा क्रम असा होता. पहिली हॅरिएट ब्लँड. दुसरी ॲनेट रॉजर्स, तीच, जिचं नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं. तिसरी बेटी रॉबिन्सन. आणि चौथी हेलन स्टीफन्स, 18 वर्षांची उंचच उंच मुलगी. याच ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचं सुवर्णपदक तिनं जिंकलं होतं. आठ वर्षांपूर्वी जे पदक बेटीच्या गळ्यात होतं, ते आता हेलनचं होतं. आणि बेटीनं पळत जाऊन तिच्याच हातात बॅटन द्यायची होती!

पण सगळ्यांत बलाढ्य टीम होती जर्मनीची. 8 ऑगस्टला प्राथमिक फेरीत त्या चौघींनी 46.4 सेकंदांचा विश्वविक्रम केला. दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यत, आणि स्टेडियम जर्मन लोकांनी खच्चून भरलेलं.

शर्यत सुरू झाली. जर्मनी पुढे. दुसरीनं बॅटन घेतली, जर्मनी आणखी पुढे. ॲनेटनं बेटीच्या हातात बॅटन दिली, तेव्हाही जर्मनी पुढेच होती. बेटी पळाली. पाच वर्षांपूर्वी जिला लोकांनी गेलेलीच धरलं होतं, ती एक पाय आखूड असताना वळणावर पळत होती. पण तिच्या पुढे मारी डॉलिंगर होती, जर्मनीची तिसरी, कित्येक मीटर पुढे. ती शेवटच्या बदलापर्यंत पोचली. चौथी इल्झे डोरफेल्ट तयार होती. आणि त्या बदलात जर्मनीची बॅटन खाली पडली.

मागून बेटी आली. तिनं हेलनच्या हातात बॅटन नीट दिली. हेलन सुटली ती थेट शेवटच्या रेघेपर्यंत. अमेरिकेची वेळ 46.9 सेकंद, सुवर्णपदक! ब्रिटन दुसरं, कॅनडा तिसरं. बेटीला पंचविसावं वर्ष पूर्ण व्हायला तेव्हा दोनच आठवडे राहिले होते.

इथं आमच्या वर्गातला एक मुलगा उभा राहिला. "बाई, जर्मनीची बॅटन पडली म्हणून या जिंकल्या. मग ते पदक फुकटचंच नाही का?"

प्रश्न चांगला आहे. आणि अशा प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देऊ नये. जर्मन मुली त्या दिवशी पुढे होत्या, हे खरंच आहे. बॅटन पडली नसती तर काय झालं असतं? कदाचित जर्मनी जिंकली असती. पण मी त्याला विचारलं, "रिले म्हणजे नुसतं पळणं का? शंभर-शंभर मीटर चार वेळा पळायचं, एवढंच असतं, तर बॅटन हवी कशाला? बॅटन हातातून हातात नेणं हीसुद्धा शर्यतच आहे." त्या दिवशी अमेरिकेच्या मुलींनी तीन वेळा बॅटन बदलली आणि तिन्ही वेळा ती सुखरूप पोचली. त्यातल्या दोन बदलांत बेटीचा हात होता. ॲनेटकडून तिनं ती घेतली आणि हेलनला दिली. विचार करा, पहिली फक्त बॅटन देते, चौथी फक्त घेते. दुसरी आणि तिसरी मात्र घेतातही आणि देतातही. म्हणजे चुका व्हायच्या जागाही त्यांच्याच वाट्याला जास्त, आणि टाळ्या मात्र कमी.

आणि एक गोष्ट त्या जर्मन मुलींबद्दल. बॅटन पडली म्हणून त्या वाईट धावपटू ठरत नाहीत. त्यांचा 46.4 सेकंदांचा विश्वविक्रम 1952 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. तो मोडला ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये, प्राथमिक फेरीत 46.1 सेकंदांची वेळ देऊन. आणि पुढे काय झालं, ऐका. अंतिम शर्यतीत त्याच ऑस्ट्रेलियाची बॅटन शेवटच्या बदलात हातातून निसटली! चौथ्या नंबरवर होती मार्जोरी जॅक्सन. त्याच ऑलिंपिकमध्ये 100 आणि 200 मीटरची दोन्ही सुवर्णपदकं जिंकलेली. पण बॅटनला त्याचं काय? ऑस्ट्रेलिया पाचवी आली, आणि सुवर्णपदक पुन्हा अमेरिकेला. जगातल्या सगळ्यांत वेगवान मुलींच्या हातूनही हे होतं, मग आपल्या हातून झालं तर रडत बसायचं का?

आता दोन ओळी, ही गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आई-बाबांसाठी. स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या कडेला तुम्ही उभे असता. बॅटन पडली, की तुमचा पहिला प्रश्न असतो, "कुणाच्या हातातून पडली?" आम्हा शिक्षकांचाही तोच असतो, नाही कशाला म्हणू? पण बॅटन पडते ती दोन हातांच्या मधे. एकीनं लवकर सोडलेली असते, दुसरीनं उशिरा धरलेली असते, कधी दोघींचाही सराव कमी पडलेला असतो. आणि सराव कमी पडला, तर तो शिक्षकांचाही दोष असतो. म्हणून घरी गेल्यावर "तू टाकलीस की तिनं टाकली?" हे विचारू नका. "उद्या दोघी मिळून सराव कराल का?" असं विचारा. आणि "एवढं पळून तुला मधलाच नंबर दिला?" असं तर कृपा करून म्हणू नका. मुलं ते विसरत नाहीत.

बर्लिननंतर बेटीनं स्पर्धेत पळणं थांबवलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली. ती शर्यतींच्या वेळा मोजायला मैदानावर जायची, लोकांसमोर बोलायची. 1977 साली अमेरिकेतल्या मोठ्या धावपटूंच्या मानाच्या यादीत तिचं नाव घेतलं गेलं. 1999 साली वयाच्या 87 व्या वर्षी ती वारली. तिच्या नावावर दोन सुवर्णपदकं राहिली. पहिलं सगळ्यांच्या पुढे एकटीनं पळून मिळवलेलं, आणि दुसरं वळणावर, तिसऱ्या नंबरवर, तिघींच्या सोबतीनं. दुसरं मिळवायला तिला जास्त कष्ट पडले, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

आता घरी किंवा मैदानावर करायचे दोन प्रयोग.

पहिला प्रयोग. मैदानावर 30 मीटर मोजून दोन रेघा आखा. एकदा पहिल्या रेघेवर थांबून, तिथून सुटून पळा. मित्राला वेळ मोजायला सांगा. मग दम खा. दुसऱ्या वेळी रेघेच्या दहा पावलं मागून पळत या आणि रेघ ओलांडल्यावर वेळ मोजायला लावा. दोन्ही वेळा वहीत लिहा आणि वजाबाकी करा. जमैकाच्या गणितातली गंमत तुमच्याच पायांनी समजेल.

दुसरा प्रयोग. दोघंजण एकामागे एक उभे राहा. पुढच्यानं मागे बघायचं नाही, फक्त तळहात मागे करायचा. मागच्यानं "घे!" असं ओरडून पट्टी हातावर ठेवायची. आधी जागच्या जागी, मग चालत, मग पळत. दहापैकी किती वेळा पट्टी पडली, ते मोजा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

आमच्या शाळेत गेला आठवडाभर हेच चाललंय. पहिल्या दिवशी दहापैकी सहा वेळा पाइप पडला, काल दोनदाच. गोष्ट ऐकून आमची तिसऱ्या नंबरवाली काही लगेच खूश झाली नाही हं. "बाई, पण फोटो चौथीचाच येणार ना?" असं तिनं विचारलंच. मी म्हटलं, "हो, बहुतेक." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग चौथ्या नंबरच्या मुलीला म्हणाली, "तू हात हलवू नकोस. स्थिर धर. मी बरोबर ठेवते."

शर्यत पुढच्या शनिवारी आहे. मी चिंचेच्या झाडाजवळच्या वळणावर उभी राहणार आहे.

तुमच्या बाई